अंगणवाडीचं घड्याळ आणि आईचं घड्याळ

प्रश्न असा आहे: "मी तीन महिन्यांपूर्वी मुख्यसेविका म्हणून रुजू झाले. प्रशिक्षणात 'जेंडर'वर दीड तासाचं सत्र झालं. पण आमच्या खात्यात लाभार्थी महिला, सेविका महिला, मदतनीस महिला आणि मीही महिला. मग बालसंगोपनाच्या योजना राबवताना लिंगभाव बघायचा म्हणजे नेमकं काय बघायचं? आणि सेविकेच्या जागी पुरुष घेतले तर फरक पडेल का?"

मी सोळा वर्षं मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका, होते आणि त्यानंतर पंधरा वर्षं बालविकास प्रकल्प अधिकारी. आधी नाशिकच्या सुरगाणा-पेठ भागात, नंतर बीड जिल्ह्यात. नोकरीच्या सुरुवातीला मलाही हाच प्रश्न पडला होता. सगळ्या बायकाच आहेत तर भेद कसला, असं मलाही वाटायचं. मूल सांभाळणं, आजाऱ्याचं करणं, म्हाताऱ्या माणसांकडे बघणं हे बाईचं काम आणि त्यासाठी तिचा वेळ फुकट मिळणार, हे धरूनच आपल्या योजना चालतात, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. कुठल्याही शासन निर्णयात असं वाक्य सापडणार नाही. ते अंगणवाडीच्या वेळेत असतं, सेविकेच्या मानधनात असतं, अर्जाला लागणाऱ्या कागदांत असतं. म्हणून पहिल्या महिन्यात तुम्ही उद्दिष्टांचा तक्ता बाजूला ठेवा आणि घड्याळ बघा.

माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्या देखरेखीखालच्या गावांत, अंगणवाडी सकाळी दहाच्या सुमाराला भरायची आणि दुपारी दीडला सुटायची. पाड्यावरच्या बाया दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जायच्या. सात वाजता पिकअप यायची, संध्याकाळी सहा-साडेसहाला परत सोडायची. म्हणजे अंगणवाडी उघडण्याच्या तीन तास आधी आई घराबाहेर, आणि सुटल्यानंतर पाच तासांनी घरात. मग मुलाला आणायचं कोणी, न्यायचं कोणी? एकदा मी पाच अंगणवाड्यांत सेविकांना सांगितलं की आठवडाभर एका वहीत एवढंच लिहा, सुटल्यावर मूल कोणाच्या हाताला धरून गेलं. आजी, थोरली बहीण, शेजारीण, परत आजी, परत बहीण. वडिलांचं नाव पाच गावांत मिळून दोनदा आलं, आणि त्यातले एक जण पाय मोडून घरी बसलेले होते. ही वही तुम्हीही करून बघा. खर्च काही नाही, आणि दीड तासाच्या सत्रापेक्षा जास्त कळतं.

आपण मुलांना भेटतो, आईला भेटतो, पण ह्या थोरल्या बहिणीला कुठल्याच रजिस्टरमध्ये जागा नाही. आठ-नऊ वर्षांची पोर कडेवर भाऊ घेऊन दारात उभी असते. तिची शाळा त्याच वेळी भरलेली असते. ती शाळेत गैरहजर, म्हणजे शिक्षण खात्याचा विषय. भाऊ अंगणवाडीत हजर, म्हणजे आपली उपस्थिती चांगली. दोन खात्यांच्या मधल्या फटीत एक मुलगी दिवसभर फुकट पाळणाघर चालवते.

हे आपल्याकडे कोणालाच कळलं नव्हतं असं नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, आणि पुढे दोघींचं काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेऊ, ह्यातून अंगणवाडी निघाली. पण त्यांचं दुसरं काम मला जास्त मोलाचं वाटतं. थोरली मुलं धाकट्यांना सांभाळण्यापायी शाळेला मुकतात हे पाहून त्यांनी विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणली. बाळ पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात. 2 ऑक्टोबर 1975 ला देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा अंगणवाडी हे नाव घेतलं गेलं, पाळणाघर मागे राहिलं. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण आणि आरोग्य शिक्षण, शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा ठरल्या. त्यात दिवसभर मूल सांभाळण्याची सेवा नव्हती.

वयाची विभागणी बघितलीत तर हे अजून स्पष्ट होतं. तीन ते सहा वर्षांचं मूल अंगणवाडीत येतं, बसतं, गरम ताजा आहार खातं. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला आपण घरी न्यायचा आहार देतो, टीएचआर. पाकीट द्यायचं आणि सही घ्यायची. पण ज्या वयात मुलाला दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं भरवावं लागतं, ते हेच वय. कुपोषण घट्ट बसतं तेही याच वयात. पाकिटातलं शिजवायला, निववायला, मुलाच्या मागे वाटी घेऊन फिरायला हात लागतात. शासन धान्य देतं. हात आईचे, आणि आई द्राक्षबागेत. मग गृहभेटीला गेल्यावर आपण तिलाच समुपदेशन करतो, "बाळाला दर दोन-तीन तासांनी भरवा." एका बाईने मला सरळ विचारलं होतं, "म्याडम, मी कामावर असते तेव्हा कोणी भरवायचं, ते सांगा." माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून मी सेविकांना सांगायला लागले की वाढीच्या आलेखात मूल घसरलं तर आईला प्रश्न विचारण्याआधी, दिवसभर मूल कोणाजवळ असतं ते विचारा आणि त्या माणसाशी बोला. आजी असेल तर आजीशी. आजीच्या दाताला चावत नाही म्हणून ती मुलाला चहा-बिस्कीट देते, हे आईला सांगून काय उपयोग?

पाळणाघराचे कायदे नाहीत असं नाही. 1948 च्या कारखाना कायद्यात ते होतं. आधी पन्नासपेक्षा जास्त आणि 1976 पासून तीसपेक्षा जास्त महिला कामगार असतील तर पाळणाघर हवं होतं. आता मोजणी महिला कामगारांची असेल तर मालक काय करेल? बायका कमी घेईल, किंवा तिसाच्या आतच ठेवेल. मुलाची जबाबदारी बाईच्या नावावर लिहिली की बाईच महाग पडते. 2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्तीत हे थोडं सुधारलं. तिथे पन्नास कर्मचारी मोजायचे, स्त्री असो की पुरुष, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ द्यायचं. पण त्याच दुरुस्तीने रजा बारावरून सव्वीस आठवडे केली, आणि ईएसआय ह्या कामगार विम्याच्या बाहेर असलेल्या बाईचा त्या काळातला पगार एकट्या मालकावर टाकला. बापाला रजा त्या कायद्यात एक दिवसाचीही नव्हती. केंद्र सरकारी नोकरीत पंधरा दिवस पितृत्व रजा मिळते. आपल्या राज्यात 2018 पासून महिला कर्मचाऱ्याला 180 दिवस बालसंगोपन रजा आहे. पुरुषाला ती मिळते पत्नी हयात नसेल किंवा अंथरुणाला खिळलेली असेल तर. म्हणजे बायको धडधाकट आहे तोवर बापाने मूल सांभाळण्याचा प्रश्नच येत नाही, असं शासन स्वतःच्या नोकरांना सांगतं. तुमच्या ग्रामसेवकाकडून तुम्ही वेगळी अपेक्षा कुठल्या तोंडाने करणार?

रोजगार हमीत मला सगळ्यात जास्त आशा होती, आणि तिथेच मी सगळ्यात जास्त भांडले. 2005 च्या केंद्रीय कायद्याच्या परिशिष्टात लिहिलेलं होतं की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं आली तर एका बाईला त्यांना सांभाळायला नेमायचं आणि तिलाही मजुरी द्यायची. बांधबंदिस्तीच्या, पाझर तलावाच्या कितीतरी कामांवर मी गेले. सावलीला साडी बांधलेली असायची, मुलं झोळीत असायची, पण हजेरीपटावर सांभाळणारीचं नाव नसायचं. का, तर काम मोजून मजुरी निघते. माती न उचलणारी एक बाई पटावर घेतली तर बाकीच्यांच्या वाट्याला कमी येईल, अशी गटाची समजूत. ती चुकीची होती, तिची मजुरी वेगळी निघते, हे गटाला कोणी सांगितलेलं नव्हतं. एका ठिकाणी आम्ही ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं आणि एका वयस्क बाईचं नाव पटावर चढवलं. तिथला एक मजूर म्हणाला, "बसून पोरं खेळवायला पैसे?" त्याला उत्तर मी दिलं नाही, त्याच्या बायकोने दिलं: "मग उद्या तू बस." तो बसला नाही, पण नंतर बोललाही नाही.

बीडला आल्यावर ह्या सगळ्याची दुसरी बाजू दिसली. ऊसतोडीला माणूस जात नाही, कोयता जातो. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, जोडीची, हिशेब जोडीचा, आणि तो मुकादमाकडून नवऱ्याच्या हातात. बाई अर्धा कोयता, पण पहाटे तीनला उठून भाकरी थापते, पाणी आणते, लेकरांचं आवरते, उसाच्या फडात जाऊन मोळ्या बांधते, गाडी भरते आणि परत येऊन चूल पेटवते. हा वेळ कोयत्यात कुठेच धरलेला नाही. बाळंतीण पंधराव्या दिवशी फडावर आलेली मी पाहिली आहे. कोपीत, म्हणजे टोळीच्या झोपडीत, बाळ, बाळापाशी आठ वर्षांची बहीण, आणि तिच्या हातात त्याच्यासाठी भिजवलेलं बिस्कीट. गावात हंगामी वसतिगृहं निघाली, कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या. मोठी मुलं, विशेषतः मुलगे, आजीपाशी किंवा वसतिगृहात गावी राहिले. मुलगी मात्र टोळीबरोबर गेली, कारण बाळ सांभाळायला कोणीतरी हवं. अमुक मुलगी वसतिगृहात का राहिली नाही, असं मुख्याध्यापक विचारायचे. तिच्या धाकट्या भावासाठी कारखान्यावर पाळणाघर असतं तर ती राहिली असती. मुलीच्या शाळेचा प्रश्न बाळाच्या पाळण्यापाशी सुटतो.

स्थलांतरात आपल्या खात्याचा दोष मोठा आहे. टोळी निघाली की गावातली सेविका त्या मुलांपुढे "स्थलांतरित" असा शेरा मारायची आणि तिचं काम संपायचं. कारखान्याच्या गावातली सेविका म्हणायची, ही माझ्या सर्वेक्षणातली मुलं नाहीत. सहा महिने ते मूल कोणाचंच नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2001 पासून अंगणवाडी सार्वत्रिक करा म्हणून सांगितलं आहे, 2006 मध्ये वस्तीने मागितली तर अंगणवाडी द्या असंही म्हटलं, आणि 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने आहार हा मुलाचा हक्क केला. कोप्यांमधलं मूल त्यात येतंच. पण तो हक्क मागणार कोण? आई फडात, बाप फडात, बहीण आठ वर्षांची.

आता सेविकेकडे येते, कारण तुमचं रोजचं काम तिच्याशी आहे आणि ह्या विषयाचा गाभाही तिथेच आहे. सेविका स्थानिक रहिवासी महिलाच असावी असा नियम आहे. विधवा, एकट्या बायकांना निवडीत झुकतं माप मिळतं, आणि ते योग्य आहे. कितीतरी घरं त्यावर उभी राहिलेली मी पाहिली. पण निवड झाल्यावर आपण तिला कर्मचारी म्हणत नाही, मानसेवी म्हणतो. ती पगार घेत नाही, मानधन घेते. 2018 मध्ये केंद्राने सेविकेचं मानधन महिन्याला 3,000 वरून 4,500 केलं आणि मदतनिसाचं 1,500 वरून 2,250. त्यावर राज्य आपली भर घालतं, आणि महाराष्ट्रात ती वाढत गेली ती संपांमुळे. 4 डिसेंबर 2023 ते 25 जानेवारी 2024 असा बावन्न दिवसांचा संप तुम्हाला आठवत असेल. कागदावर ही अर्धवेळ स्वयंसेवा आहे. प्रत्यक्षात लसीकरणाचा दिवस, मतदार यादी, सर्वेक्षणं, ग्रामसभा, बचत गटाची बैठक, सगळीकडे तिला बोलावतात. गावात फुकट हाक मारता येईल असं एकच सरकारी माणूस असतं, आणि ती बाई असते.

2006 च्या डिसेंबरात अमीरबी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सेविका ही शासकीय पदावर नाही. पुढची पंधरा वर्षं प्रत्येक मागणीला हेच उत्तर मिळालं. एप्रिल 2022 मध्ये मणिबेन भारिया यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितलं की सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत आणि त्यांना मिळतं ते मानधन कायद्याच्या अर्थाने वेतनच आहे. हा निकाल तुमच्या बीटमधल्या प्रत्येक सेविकेला माहीत असायला हवा. मासिक बैठकीत सांगा.

पैसे उशिरा आले की काय होतं ते मी जवळून पाहिलं. आदिवासी भागात 2015 पासून गरोदर आणि स्तनदा मातांसाठी अमृत आहार योजना आहे, रोज एक वेळचं चौरस जेवण. योजना चांगली आहे, मी तिच्या बाजूची आहे. जेवण अंगणवाडीत बसून जेवायचं असल्यामुळे ते खरोखर गरोदर बाईच्या पोटात जायचं. घरी नेलं असतं तर सगळ्यांच्या ताटात वाटलं गेलं असतं. सुरुवातीला सासवा अडवायच्या, "घरात खायला नाही का, पंगतीला चालली." मग सेविका सासूलाच बोलावून घ्यायच्या, डोहाळजेवणासारखं करायच्या, आणि वाट मोकळी व्हायची. पण आहाराचा निधी दोन-तीन महिने अडकायचा. किराणा दुकानदार उधारी सेविकेच्या नावावर लिहायचा. एका सेविकेने मला सांगितलं की तिने कानातलं गहाण टाकून तेल-डाळ आणली. का आणली, असं मी विचारलं तर म्हणाली, "बाया जेवायला येऊन बसतात, त्यांना काय सांगू?" योजना एक दिवसही बंद पडली नाही. वर अहवाल गेला, "अंमलबजावणी सुरळीत." ह्यात मीही होते. तो अहवाल माझ्याच सहीने गेला. निधी नसताना चूल पेटली म्हणजे कोणीतरी बाईने पदरमोड केली, हे मला माहीत होतं आणि मी ते लिहिलं नाही. तुम्ही लिहा. उधारीची रक्कम, दुकानाची पावती, महिना, सगळं अहवालाला जोडा. वरच्याला राग येईल, येऊ द्या.

मोबाईलचंही तसंच. 2021 पासून माहिती भरायचं पोषण ट्रॅकर हे ॲप आलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी शासनाने दिलेले निकृष्ट फोन परत करण्याचं आंदोलन केलं. दिवसा मुलं आणि स्वयंपाक, मग माहिती भरायची रात्री, घरचं आवरल्यावर. पन्नाशीच्या सेविका मुलाला किंवा नवऱ्याला भरायला सांगायच्या आणि त्या बदल्यात टोमणे ऐकायच्या. आता टीएचआर घेताना चेहरा जुळवावा लागतो, जुलै 2025 पासून. चोरी थांबावी हा हेतू मला मान्य आहे. पण चेहरा आईचा नोंदवलेला असेल तर तिला त्या दिवसाची मजुरी सोडून यावं लागतं. वाटपाची वेळ संध्याकाळची किंवा बाजाराच्या दिवसाची ठेवता येते का, एवढं तरी तुमच्या हातात आहे.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला पाच हजार मिळतात. नव्या सुनेच्या आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, आणि पहिल्या काही वर्षांत नवऱ्याचंही आधार लागायचं. टाकलेली बाई, लग्नाआधी राहिलेली बाई, नवरा आधार देत नाही अशी बाई, म्हणजे जिला पैशाची सगळ्यात जास्त गरज तीच बाहेर. 2022 नंतरच्या नियमांत नवऱ्याच्या आधारची सक्ती काढली. तरीही काही सेविका जुन्या सवयीने ते मागतात. तपासा.

बापांना आणायचं कसं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचारायला हवं होतं. पोषण अभियानाच्या समुदाय आधारित कार्यक्रमांत सुपोषण दिवस आहे, आणि त्याच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये नवऱ्यांना बोलावून समजावण्यावर भर आहे. किती ठिकाणी नवरे येतात? फोटोत बायकाच दिसतात, कारण कार्यक्रम सकाळी अकराला असतो. आम्ही सुरगाण्यात दोन पाड्यांवर तो संध्याकाळी घेतला, वजनकाटा बाहेर आणून ठेवला, आणि प्रत्येक बापाला स्वतःच्या हाताने मूल काट्यावर ठेवायला सांगितलं. कितीतरी जणांनी मुलाचा दंडघेर पहिल्यांदा पाहिला. एक जण फीत लाल पट्ट्यावर आली, म्हणजे मूल तीव्र कुपोषित निघालं, ते बघून खूप वेळ तसाच उभा होता. चार महिन्यांनी त्यातले मोजकेच येत होते, हेही खरं. पण त्या मोजक्यांच्या घरी आहारासाठी अंडी विकत आणायचा निर्णय झाला, जो सून एकटीने घेऊ शकली नसती. देशाच्या वेळ-वापर पाहणीत 2019 साली स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जात होती आणि पुरुषाची 97. 2024 मध्ये तेच आकडे 289 आणि 88 झाले. बाईची दहा मिनिटं वाचली, पण ती पुरुषाने उचललेली नाहीत. त्याचीही नऊ मिनिटं कमीच झाली. गॅस, नळ, मिक्सर आले म्हणून काम घटलं असेल, वाटलं मात्र गेलेलं नाही.

आता पुरुष सेविका. तत्त्वतः माझा विरोध नाही. लहान मुलाला पुरुषाने भरवलेलं, नाक पुसलेलं गावाने रोज पाहिलं तर गावाची नजर बदलेल, हे मला पटतं. पण आज ही जागा उघडलीत तर दोनच गोष्टी होतील. मानधन आहे तेवढंच राहिलं तर पुरुष येणार नाहीत, आणि वेतनश्रेणी मिळाली तर पुरुषच येतील. गावात बाईला घराजवळ मिळणारी ही जवळपास एकमेव नोकरी आहे. आधी ती नोकरी होऊ दे, बायकांच्या हातात स्थिर होऊ दे, मग पुरुषांना बाजूला बसायला बोलवू. तोवर पुरुषांचं काम सेविकेच्या जागी नाही, घरात आहे.

पाळणाघरांबद्दल थोडी आशा आहे. आधीच्या राष्ट्रीय योजनेत आईला महिन्यात किमान पंधरा दिवस किंवा वर्षात सहा महिने काम असल्याची अट होती. शेतमजूर बाईने ते कुठल्या कागदाने दाखवायचं? 2022 पासूनच्या पाळणा योजनेत आईच्या नोकरीची अट नाही, आणि अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची सोय आहे, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, दिवसभर, वेगळी सेविका आणि मदतनीस घेऊन. कर्नाटकाने 2023 पासून ग्रामपंचायत पातळीवर चार हजार 'कूसिन मने', म्हणजे पाळणाघरं, काढायचं ठरवलं. मुंबईत बांधकामांवर मोबाईल क्रेशेस ह्या पाळणाघरं चालवणाऱ्या संस्थेचं काम 1972 पासून चालू आहे, म्हणजे जमतं. धोका एकच, की आहे त्याच सेविकेवर हा भार टाकला जाईल. तुमच्याकडे असा तोंडी आदेश आला तर लेखी मागा. जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के निधी महिला व बालकल्याणासाठी असतो; माझ्या पाहण्यात तो शिलाई मशीन आणि पिठाच्या गिरण्यांवर जातो. मशीन मिळालेल्या बाईच्या मांडीवर मूल असतं, ती शिवणार कधी, हे महिला व बालकल्याण समितीच्या बैठकीत एकदा विचारा. समितीत महिला सदस्य असतात. मी विचारलं तेव्हा दोघी माझ्या बाजूने बोलल्या होत्या.

म्हातारी आणि अंथरुणाला खिळलेली माणसं हा वेगळा विषय आहे. त्यांच्यासाठी गावात पेन्शनशिवाय जवळजवळ काहीच नाही, सगळं सुनेवर आहे. गृहभेटीत अशा घरातली गरोदर बाई वेगळी टिपून ठेवा. तिला विश्रांती मिळत नाही आणि ती तसं सांगतही नाही.

तुमची नेमणूक कुठे आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. तुमच्या बीटमध्ये साखर कारखाना असेल तर नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संध्याकाळी सातनंतर कोप्यांवर जा. तेव्हा टोळ्या नुकत्याच उतरलेल्या असतात आणि बाया चुलीपाशी असतात. जवळच्या अंगणवाडीच्या सेविकेला बरोबर न्या, सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचं नाव तिच्याच रजिस्टरमध्ये तिथेच लिहून घ्या, आणि नावापुढे एक रकाना वाढवून त्याला दिवसभर कोण सांभाळतं ते लिहा. तिथे एखाद्या मुलीचं नाव आलं तर त्याच रात्री जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करा.